लघवी तपासण्याच्या घरगुती पट्ट्या : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

डब्यात १०० पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर दहा छोटे रंगीत चौकोन आणि रंग जुळवून पाहण्यासाठी डब्याच्याच अंगावर छापलेला तक्ता, असे या उत्पादनाचे साधे स्वरूप आहे. आमच्या घरात हा डबा वर्षभर वापरात आहे. पत्नीला पुन्हा पुन्हा लागणारी उन्हाळी, ऐंशी ओलांडलेल्या आईची तब्येत आणि शेवटी माझ्या स्वतःच्या लघवीतून गेलेले रक्त अशा तीन वेगवेगळ्या कारणांसाठी आम्ही पट्ट्या वापरल्या. पट्ट्या चांगल्या आहेत आणि जे काम त्यांना जमते ते त्या नीट करतात. मात्र तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे की नाही, हा निर्णय त्यांच्यावर सोपवता येत नाही. मी तो सात आठवडे सोपवला होता, म्हणून हा अभिप्राय नेहमीपेक्षा सविस्तर लिहीत आहे.

आधी वापराविषयी. लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धार स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यावी लागते आणि नमुना ताजा असतानाच पट्टी बुडवावी लागते. पट्टी क्षणभर बुडवून लगेच काढायची, कडेचे पाणी टिपून घ्यायचे आणि घड्याळ लावायचे. प्रत्येक चौकोन वाचण्याची वेळ वेगळी असते, हे पहिल्या काही दिवसांत आमच्या ध्यानातच आले नव्हते. साखरेचा चौकोन साधारण ३० सेकंदांनी, प्रथिने, रक्त आणि नायट्राइट ६० सेकंदांनी, तर पांढऱ्या पेशींचा चौकोन दोन मिनिटांनी वाचायचा असतो. त्यानंतर रंग बदलत राहतात, पण त्या बदलांना काही अर्थ नसतो. पाच मिनिटांनी परत येऊन पट्टी पाहणाऱ्याला भलतेच निदान हाती लागेल. डब्याचे झाकण उघडे राहिले तर हवेतल्या दमटपणाने पट्ट्या खराब होतात आणि न्हाणीघर ही त्या ठेवण्याची सर्वांत वाईट जागा आहे. आम्ही पहिला महिना डबा तिथेच ठेवला होता.

पत्नीच्या बाबतीत पट्टीचा खरोखर उपयोग झाला. जळजळ सुरू झाली, थोडी थोडी लघवी वारंवार होऊ लागली आणि पट्टीवर नायट्राइट व पांढऱ्या पेशी हे दोन्ही चौकोन रंगले, की जंतुसंसर्गाची शक्यता दाट असते, आणि डॉक्टरांना फोनवर हे सांगता येत असल्याने पुढची पावले लवकर पडत. नायट्राइटची तपासणी ज्या तत्त्वावर चालते ते समजून घेतले तर तिची मर्यादाही कळते. ई. कोलायसारखे जिवाणू लघवीतल्या नायट्रेटचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात आणि चौकोन गुलाबी होतो. पण या रूपांतराला काही तास लागतात, त्यामुळे दर अर्ध्या तासाला लघवीला जाणाऱ्या रुग्णाच्या मूत्राशयात ते पुरेसे होतच नाही. शिवाय एंटेरोकॉकससारखे काही जिवाणू हे रूपांतर करीतच नाहीत. याचा अर्थ असा, की संसर्ग जोरात असताना आणि माणूस अगदी हैराण झालेला असतानाच हा चौकोन कोरा राहू शकतो. सकाळची पहिली लघवी घ्यावी असे सांगतात ते याच कारणाने.

तिच्या चौथ्या वेळेला आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पट्टी बाजूला ठेवायला सांगितले आणि मागच्या तारखा विचारल्या. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षभरात तीन वेळा संसर्ग झाला तर तो वारंवार होणारा संसर्ग मानला जातो आणि मग दर वेळी नवे प्रतिजैविक देण्याऐवजी कारण शोधणे आवश्यक ठरते. कल्चर करून नेमका जिवाणू आणि त्याच्यावर चालणारे औषध ठरवणे, सोनोग्राफीत मुतखडा आहे का आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे पाहणे, रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाची त्वचा कोरडी आणि नाजूक झाली आहे का हे तपासणे, असा तो शोध असतो. पत्नीच्या बाबतीत शेवटचे कारण निघाले आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या इस्ट्रोजेनच्या मलमाने त्रास पुष्कळ कमी झाला. जे कारण पट्टीवर कधीच दिसले नसते, ते चार तारखा एकत्र मांडल्यावर सापडले. म्हणून डब्यासोबत एक वही ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन.

संसर्गाच्या बाबतीत काही लक्षणे अशी आहेत, की ती असताना पट्टी करत बसण्यात वेळ घालवू नये. हुडहुडी भरून ताप आला, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखू लागले आणि उलट्या सुरू झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याचा संशय धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मुतखड्याच्या कळांसोबत ताप असेल तर त्याच रात्री रुग्णालयात जावे, कारण अडलेल्या मूत्रपिंडात साचलेला संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. गरोदर स्त्री, लहान मूल आणि पुरुष यांच्यातील संसर्गही साधा समजून घरी निभावून नेण्याचा नसतो.

आईच्या बाबतीत मात्र या पट्टीने नुकसान केले, आणि त्यात पट्टीपेक्षा आमचा दोष अधिक होता. तिला कसलाही त्रास नव्हता. घरात पट्ट्या आहेत तर महिन्यातून एकदा पाहावे एवढ्याच विचाराने आम्ही तपासत गेलो आणि पांढऱ्या पेशी व नायट्राइट दर वेळी दिसत गेले. दोनदा प्रतिजैविके दिली गेली, दुसऱ्या वेळी तिला जुलाबांनी अंथरुण धरावे लागले, आणि पुढच्या महिन्यात पट्टी पुन्हा रंगली. वृद्धांच्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या लघवीत काही लक्षणे नसताना जिवाणू सापडणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची काही शस्त्रक्रिया व्हायची असणे हे मुख्य अपवाद सोडले, तर अशा जिवाणूंवर उपचार करू नयेत असेच वैद्यकीय मार्गदर्शन आहे. लक्षण नसताना केलेल्या तपासणीतून आम्ही एक आजार घरात आणला. आईसाठी आता आम्ही पट्टी वापरत नाही.

आता रक्ताच्या चौकोनाविषयी, ज्यासाठी हा अभिप्राय मुख्यतः लिहिला आहे. एका सकाळी मला लघवी स्पष्ट लालसर झालेली दिसली. दुखणे, जळजळ, ताप यांतले काहीही नव्हते. दुपारी लघवी नेहमीसारखी पिवळसर झाली आणि दुसऱ्या दिवशी पट्टीवर रक्ताचा चौकोन जसाच्या तसा राहिला. मला हायसे वाटले. आदल्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपेक्षा कागदाच्या त्या चौकोनावर मी अधिक विश्वास ठेवला आणि पुढचे सात आठवडे कोणालाही काही बोललो नाही. आठव्या आठवड्यात पुन्हा रक्त आले, या वेळी गुठळीसह, आणि चौकोन गडद हिरवा झाला.

पहिल्या वेळी पट्टी कोरी का राहिली, याची दोन कारणे मला नंतर समजली. एक तर मूत्राशयातील गाठीतून होणारा रक्तस्राव सतत होत नाही. तो एक दिवस होतो, आपोआप थांबतो आणि काही आठवडे किंवा महिने दिसतही नाही. रक्त थांबले म्हणजे कारण गेले, असे मुळीच नसते. दुसरे असे, की त्या आठवड्यात सर्दीसाठी मी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होतो, आणि क जीवनसत्त्व लघवीत अधिक प्रमाणात असले की रक्त, साखर आणि नायट्राइट या तिन्ही चौकोनांची रासायनिक प्रक्रिया दबली जाऊन उत्तर खोटेच ‘नाही’ असे येऊ शकते. इतकी महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, साठवणुकीच्या सूचनांच्या खाली छापलेली होती.

याच्या उलटही घडते. रक्ताचा चौकोन प्रत्यक्षात लाल पेशी ओळखत नाही; हिमोग्लोबिनसारखा पदार्थ आढळला की तो रंगतो. त्यामुळे अतिश्रमाने स्नायूंना इजा होऊन लघवीत उतरलेल्या मायोग्लोबिनलाही तो हिरवा होतो आणि पाळीच्या दिवसांत तर त्याचा काही भरवसाच नसतो. म्हणूनच पट्टीवर रक्त दिसले तर पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीची असते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या निकषानुसार सूक्ष्मदर्शकातून खूप मोठे करून पाहिलेल्या एका क्षेत्रात ३ किंवा अधिक लाल पेशी दिसल्या तर त्याला लघवीतले सूक्ष्म रक्त म्हणतात, आणि मग वय, धूम्रपान आणि इतर जोखमी पाहून पुढचा तपास ठरतो. डोळ्यांना दिसलेल्या रक्ताला मात्र या पायऱ्यांची गरज नसते. प्रौढ माणसाला लघवीतून रक्त गेलेले एकदा जरी दिसले आणि संसर्गासारखे स्पष्ट कारण नसले, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. संसर्ग असला, तर उपचारानंतर लघवी पुन्हा तपासून रक्त खरोखर गेल्याची खात्री करावी. दुखत नसेल तर अधिकच लवकर जावे. आपल्याकडे दुखण्याला आजार मानायची सवय इतकी खोल आहे, की न दुखणाऱ्या रक्ताला माणसे उष्णता म्हणून सोडून देतात. मीही तेच केले होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनीही तो दोष गोळ्यांना देऊन थांबू नये, कारण गोळ्यांमुळे रक्तस्राव वाढला असला तरी तो सुरू होण्याचे कारण वेगळेच असू शकते, आणि अशा रुग्णांचाही तपास इतरांसारखाच करायचा असतो.

तज्ज्ञांनी मला पहिला प्रश्न धूम्रपानाचा विचारला. वीस वर्षे ओढलेल्या आणि दहा वर्षांपूर्वी सोडलेल्या सिगारेटचा मूत्राशयाशी संबंध असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते. तंबाखूच्या धुरातली विषारी द्रव्ये रक्तातून गाळली जाऊन लघवीत उतरतात आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपानच आहे. सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसले, म्हणून मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून तपासणी झाली. या तपासणीची मला फार धास्ती होती. प्रत्यक्षात सुन्न करणारी जेली घालून ती काही मिनिटांत पार पडली आणि पुढे एक-दोन दिवस जळजळ राहिली, इतकेच. आतल्या भिंतीवर एक लहान गाठ होती. ती दुर्बिणीतूनच काढली आणि अहवालात ती आतल्या अस्तरापुरतीच असल्याचे आले. त्या गाठीचा आणि माझ्या सात आठवड्यांच्या गप्प राहण्याचा शेवट यापेक्षा वाईटही होऊ शकला असता.

पट्टीवर प्रथिनांचा चौकोनही असतो आणि त्याविषयी एक गोंधळ मी ओळखीच्या अनेकांमध्ये पाहिला आहे. लघवीला फेस येतो, प्रथिनांचा चौकोन वारंवार रंगतो, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज येते, रक्तदाब वाढलेला असतो, अशी लक्षणे मूत्रपिंडाच्या गाळणीतील दोषाकडे बोट दाखवतात आणि त्यासाठी नेफ्रॉलॉजिस्ट लागतो. रक्त दिसणे, मुतखडा, धार अडणे, प्रोस्टेट, मूत्राशय आणि पुरुषांचे जननेंद्रिय हे युरॉलॉजिस्टचे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञांचे, क्षेत्र. चुकीच्या दारात उभे राहून महिना घालवण्यापेक्षा फॅमिली डॉक्टरांना आधी विचारावे. ताप किंवा जोराच्या व्यायामानेही प्रथिने तात्पुरती दिसू शकतात, म्हणून एका रंगलेल्या चौकोनावरून घाबरून न जाता तपासणी पुन्हा करावी.

ज्या गोष्टी पट्टीला दिसतच नाहीत, त्यांची यादी दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा मोठी आहे, आणि ‘मूत्रमार्गाच्या संपूर्ण आरोग्याची तपासणी’ हे डब्यावरचे शब्द मला म्हणूनच खटकतात. लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, धार बारीक होणे, शेवटी थेंब थेंब गळणे, रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे या प्रोस्टेटच्या तक्रारींत पट्टी पूर्ण कोरी असू शकते. त्यासाठी सात प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली आहे. तिचे गुण ० ते ३५ असतात आणि ८ ते १९ म्हणजे मध्यम, तर २० किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र त्रास मानतात. ती कागद-पेन्सिलीने सोडवता येते आणि माझ्या मते माझ्या वयाच्या पुरुषांना पट्टीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी आहे. लघवी पूर्ण तुंबली आणि ओटीपोट ताठ होऊन दुखू लागले, तर कोणत्याही प्रश्नावलीची वाट न पाहता रुग्णालयात जावे. पाठदुखीसोबत लघवी तुंबणे आणि बसण्याच्या जागेची, जांघांच्या आतल्या भागाची संवेदना जाणे हे मणक्यातील नसांवर दाब आल्याचे लक्षण असू शकते. तिथेही उशीर परवडत नाही.

जननसंस्थेच्या तक्रारींबाबत तर पट्टी पूर्ण मुकी आहे, आणि नेमक्या याच तक्रारी संकोचामुळे घरात बोलल्या जात नाहीत. किशोरवयीन मुलाच्या वृषणात अचानक तीव्र वेदना उठली तर वृषणाला पीळ पडल्याचा संशय घ्यावा लागतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता खूप असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. पुष्कळदा मुलगा लाजेने फक्त पोटात दुखते एवढेच सांगतो, म्हणून आईवडिलांनी स्पष्ट विचारले पाहिजे. तरुणाच्या वृषणात न दुखणारी कडक गाठ लागली, तर तीही थांबून पाहण्याची गोष्ट नव्हे. वृषणाचा कर्करोग तरुण वयातच अधिक आढळतो आणि वेळेत उपचार झाले तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. ताठरता चार तासांहून अधिक टिकून राहणे ही तातडीची अवस्था आहे. उलट, ताठरता येण्यात हळूहळू अडचण येऊ लागली, तर तिच्यामागे रक्तवाहिन्यांचा विकार असू शकतो आणि हृदयविकाराची ती आगाऊ सूचना ठरू शकते, म्हणून जाहिरातीतल्या गोळ्या परस्पर घेण्यापेक्षा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

स्त्रियांमध्ये पाळी थांबून वर्ष झाल्यानंतर पुन्हा रक्ताचा एखादा डाग जरी दिसला, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट घ्यावी. संबंधानंतर होणाऱ्या रक्तस्रावाचेही तेच. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रीला वारंवार लघवीला लागत असेल आणि सोबत पोट सतत फुगल्यासारखे वाटणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ओटीपोटात दुखणे असे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर पट्टी कोरी आली म्हणून हे प्रकरण मिटत नाही, कारण अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे याच साध्या तक्रारींच्या रूपात येतात. मूल होण्यासाठी वर्षभर प्रयत्न करूनही यश येत नसेल, किंवा स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असून सहा महिने गेले असतील, तर दोघांनी एकाच वेळी तपासणी सुरू करावी; वीर्यतपासणी सोपी असूनही ती सर्वांत शेवटी केली जाते आणि तोवर बाईच्या मागे तपासण्यांचा ससेमिरा लागलेला असतो.

उत्पादन म्हणून पाचपैकी तीन गुण देईन. रंग स्पष्ट उमटतात, तक्ता वाचायला सोपा आहे आणि झाकण घट्ट बसते. दोन गुण कापले ते माहितीपत्रकासाठी. पट्टी रंगली तर डॉक्टरांना भेटा, असे त्यात ठळक छापले आहे. पट्टी रंगली नाही आणि लक्षण मात्र आहे, त्या माणसाने काय करावे, याविषयी एक वाक्यही नाही. ते समोरच्या पानावर मोठ्या अक्षरांत घालावे, आणि क जीवनसत्त्वाची सूचना त्याच्या शेजारी आणावी, असे मी उत्पादकांना लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

ज्यांना वारंवार उन्हाळी लागते आणि ज्यांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांनी डबा जरूर घ्यावा. केवळ हौसेने, काही त्रास नसताना महिन्याच्या महिन्याला तपासण्यासाठी घेऊ नये. आमच्या डब्याला आता वही दोऱ्याने बांधलेली आहे. तिच्यात तारीख, लक्षण, ताप, चालू असलेली औषधे आणि सर्वांत शेवटी पट्टीचा रंग अशा क्रमाने नोंद होते. तज्ज्ञांकडे जाण्याआधीचे तीन दिवस किती वेळा, किती मिलिलिटर लघवी झाली आणि रात्री किती वेळा उठावे लागले हेही तिच्यात लिहितो. माझी दुर्बिणीची पहिली फेरतपासणी तीन महिन्यांनी झाली आणि स्वच्छ आली. डॉक्टरांनी त्या दिवशी वही पंधरा मिनिटे वाचली.